घरट्यासमोरची पानं

आंबोलीच्या जंगलात तो म्हातारा सकाळपासून एकटाच घुटमळत होता. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. सदऱ्याच्या खिशातून मात्र कात्रीची मूठ डोकावत होती. सुनेत्राच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"फोटोवाल्यांसाठी फांद्या छाटणाऱ्यांपैकीच दिसतोय," सर कुजबुजले. पक्ष्यांचे फोटो काढायला ती त्यांच्याकडेच शिकत होती. "फोटोत पान आडवं नको म्हणून घरटं उघडं पाडतात हलकट. मे महिन्याचं ऊन, पिल्लं होरपळून मरतात. नजर ठेव."

म्हातारा स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्याकडे वळला, तशी ती दबक्या पावलांनी मागोमाग गेली. कात्री बाहेर निघताच तिनं त्याचं मनगट धरलं.

"लाज नाही वाटत, या वयात?"

म्हातारा दचकला. त्याच्या दुसऱ्या हातात सुतळी होती आणि काखेत पानांनी भरलेली डहाळी.

"अगो बाय, कापतंय खंय? बांधतंय! कात्री ही सुतळी तोडूक. काल कोणीतरी समोरची पानां छाटल्यान. पिल्लां उन्हात पडली, म्हणान वायच सावली करतंय."

तिचा हात आपोआप सुटला. घरट्यासमोरच्या फांदीवर नुसती देठं उरली होती. कालच सरांनी याच घरट्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि तिनंच खाली कौतुकानं लिहिलं होतं, 'काय नशीब, सर! एक पान आडवं नाही!'

तिनं वळून पाहिलं. सर कॅमेऱ्याला डोळा लावून, अगदी तल्लीन होऊन उभे होते.

लेन्सवरचं झाकण अजून तसंच होतं.