मंगळवारची पेटी

"आत येऊ का?" रक्त तपासणीवाल्या बाईनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"नको," भाची म्हणाली. दाराची साखळी तिनं काढलीच नाही.

तिला दारातच अडवल्याचा हा सलग तिसरा मंगळवार. चार मजले चढून बाईला धाप लागली होती. निळी पेटी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

भाचीनं तिचं नाव 'डास' ठेवलं होतं. पुरावे भक्कम होते. डास बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. उन्हाला भिऊन तोंडाला स्कार्फ गुंडाळत असे. आत्याच्या खोलीत दहा मिनिटं जाई, पण नंतर आत्याच्या हातावर सुईची खूणसुद्धा दिसत नसे. आणि मुख्य म्हणजे, येताना जी पेटी कशीबशी वर आणायची, तीच जाताना दोन बोटांवर झुलवत जिने उतरायची. पोट भरलं की तरतरी येतेच. व्हॅम्पायरच्या सतरा कादंबऱ्या वाचलेल्या पोरीला याहून जास्त काय लागतं? आरशाची चाचणी तेवढी राहिली होती, कारण घरात आरसाच नव्हता. "सकाळी उठून आपलंच तोंड बघून कुणाचं भलं झालंय?" असं आत्या म्हणायची.

भाचीला या जगात आत्याशिवाय कुणी नव्हतं. आत्या अर्धशिशीमुळे पडदे ओढून घरीच भाषांतरं करायची आणि रोज न चुकता भाचीची वेणी घालायची. गेले दोन आठवडे वेणी नव्हती. आत्या उठतच नव्हती. भाचीचा हिशेब सोपा होता: या बयेनं आधीच इतकं रक्त ओढलंय, की माणूस भरून निघायला वेळ लागणार.

"त्यांना एकदा विचार तरी," बाई म्हणाली.

"झोपल्यात. आणि त्यांना तपासणीची गरज नाही."

"बरं, मी नाही येत आत. ही पेटी तेवढी घे."

"म्हणजे आता मीच भरून देऊ?"

बाईनं कपाळ पुसलं. तेवढ्यात तिला दारावर टांगलेली लसणाची माळ दिसली.

"हे काय, भाजी करतेयस?"

भाची विजयी मुद्रेनं हसली. "का? त्रास होतोय?"

"मला कशाला होईल? माझं जेवण लसणाशिवाय होत नाही." बाई थकून भिंतीला टेकली. "ऐक बाळा. पाय मोडलेत माझे, भांडायची ताकद नाही. पेटी घेत नसशील तर निदान आज मैत्रिणीकडे राहायला जा."

"म्हणजे घरात त्या एकट्याच! छान बेत आहे हं."

भाचीनं दार लावलं. कडी घातली, वरचा बोल्टही सरकवला. मग जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरी मोजत उतरणारी. आज पेटी झुलत नसणार. उपाशी गेली बया, भाचीच्या मनात आलं. दोन आठवड्यांत तिला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

ती आत्याच्या खोलीत गेली. आत्या चक्क उठून बसली होती. चेहरा कागदासारखा, पण डोळे लख्ख.

"कोण होतं गं?"

"ती रक्तवाली. हाकलली. मागच्या दोन्ही मंगळवारीही मीच हाकललं होतं. तू काळजी करू नकोस, आता ती यायची नाही."

आत्यानं एक लांब, दमलेला सुस्कारा सोडला आणि पलंगावर शेजारी हात थोपटला.

"ये, पाठमोरी बस. केस पुढे घे."

भाचीचे डोळेच भरून आले. ती पटकन बसली, केस खांद्यावरून पुढे घेतले आणि टेबलावरचा कंगवा मागे धरला. कंगवा कुणी घेतला नाही. थंडगार बोटांनी तिची कॉलर हळूच खाली केली.

"वेडाबाई," आत्या अगदी मायेनं म्हणाली, "ती न्यायला नव्हती गं येत. आणून द्यायला यायची."