उत्तरांचा क्रम

भूमिकानं तिसऱ्यांदा पडताळून पाहिलं. मगनच्या नावावर पवनचा अहवाल छापला गेला होता, आणि पवनच्या नावावर मगनचा.

गेल्या वर्षी केंद्रानं मगनला सिकलसेल नसल्याचं कार्ड दिलं होतं. बायकोला दिवस गेले म्हणून दवाखान्यानं दोघांचं रक्त तपासलं, तेव्हा तो वाहक निघाला. बायको वाहक नव्हती, म्हणून बाळाला धोका नव्हता.

सुनिता मॅडम नंदुरबारच्या या तपासणी केंद्रात नव्यानंच रुजू झाल्या होत्या. हे झालं कसं, त्यांनी विचारलं.

भूमिकानं सांगितलं. तिनं लिहिलेला प्रोग्राम आधी डेटाबेसकडे एक अहवाल मागायचा, तो येईपर्यंत थांबायचा, मग कार्ड छापायचा. माणसांची रांग पार फाटकापर्यंत जायची. म्हणून तिनं तो बदलला. आता तो न थांबता पुष्कळ अहवाल एकदम मागायचा. डिस्कवर जो आधी सापडेल तो आधी यायचा. तिनं मात्र धरून चाललं होतं, की ज्या क्रमानं मागितले त्याच क्रमानं ते येतील. बहुतेक वेळा यायचेही.

“आणखी किती जणांचं असं झालंय?”

“सगळे तपासले. हे दोघंच.”

“आणि या पवनचं काही नुकसान?”

“माझ्याच गावाकडचा आहे. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मुलगीही वाहक होती.”

आईबाप दोघं वाहक असले तर मूल आजारी निपजू शकतं, हे या केंद्रात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

“कुणी मोडलं?”

“मुलीनं.”

“शहाणी म्हणायची,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. त्याला तर चांगलीच बातमी द्यायची आहे, त्यात कसला एवढा विचार करायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाजाराकडून मिरचीची धूळ येत होती. भूमिकाचे डोळे पाहून मॅडमनी खिडकी लावून घेतली.

फोन पवननंच उचलला. भूमिकानं केंद्राचं नाव सांगितलं आणि कागदावरून वाचल्यासारखं म्हणाली, “तुमच्या कार्डात चूक झाली होती. तुम्ही वाहक नाही.”

पलीकडून एका बाईनं कोणाचा फोन म्हणून विचारलं. दवाखान्याचा, असं त्यानं सांगितलं. दार ओढल्याचा आवाज आला.

“नवीन कार्ड पाठवते,” भूमिका म्हणाली.

“आते कार्ड ली काय करू? लगीन व्हई गयं मन्हं.”

माफी माग, मॅडमनी खुणेनं सुचवलं. तिनं मागितली.

“भूमिका,” तो हळूच म्हणाला, “मी तवय तुले सांगेल व्हतं, चाल, एकदाव परत रगत देऊत. तूच बोलनी, प्रोग्राम मन्हा शे, चुकाव नई.”