टोपण काढलेलं पेन

कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयातल्या बाईंनी कागद पुढे सरकवत म्हटलं, "अभिनंदन! तुम्हाला आत्ता भरायचे शून्य डॉलर." व्हर्नन वीस वर्षं ओहायोत जुन्या गाड्या विकत होता. त्याने तळातलं शून्य सोडून वरचे आकडे वाचले. शिष्यवृत्ती नऊ हजार. मुलीच्या, कोरिनच्या, नावावर कर्ज साडेपाच हजार, त्याच्या स्वतःच्या नावावर सोळा हजार. दरवर्षी. सगळ्याला मथळा एकच, 'तुमची मदत'. "कर्जाला मदत कधीपासून म्हणायला लागलात?" "सगळेच पालक घेतात, सर," बाई हसल्या आणि त्यांनी टोपण काढूनच पेन पुढे केलं. व्हर्ननही गिऱ्हाइकाला पेन तसंच द्यायचा. कोरिन कॉलेजचं नाव छापलेला स्वेटशर्ट घालूनच आली होती. ती कुजबुजली, "बाबा, आज पाचला मुदत संपते. माझी जागा जाईल." "हेच मी रोज लोकांना सांगतो गं." त्याने पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर ठेवलं आणि तो उठला. "शिष्यवृत्ती वाढवा, मग सही करतो." दाराकडे जाताना तो कोरिनच्या कानाशी म्हणाला, "हळू चाल. मागे बघू नकोस. दारापर्यंत पोचायच्या आत हाक मारतील. गिऱ्हाईक उठलं की मीही मारतो." कोरिन पावलं मोजत चालली. दार आलं. व्हर्नन दाराच्या मुठीवर हात ठेवून उगाच थांबला. मागून बाईंची हाक आली, "पुढचे कोण आहेत? या."