मागचं दार

तोकिलुपे पुढच्या दाराने आत आली आणि केलेपी मागच्या दाराने बाहेर पडला. हे आता रोजचंच झालं होतं.

लेसिएलीचा खळीत बुडालेला हात तसाच राहिला. पडवीत बायका लग्नासाठी झाडाच्या सालीच्या कापडाचे तुकडे खळीने जोडत बसल्या होत्या. तोकिलुपे, गावातलीच एक मुलगी, त्यांच्यात बसली आणि कामाला लागली. भांडण असतं, तर केलेपीने तोंड वाकडं केलं असतं. ओळख नसती, तर निदान मान वर करून पाहिलं असतं. हा तर तिचं पाऊल वाजलं की निघायचा.

लेसिएली आणि केलेपी ऑकलंडला एकाच बेकरीत कामाला होती. स्वतःच्या लग्नासाठी केलेपीच्या गावी, वावाऊ बेटावर आली होती. लेसिएली दूर दक्षिणेकडच्या बेटावरची. हे गाव ती पहिल्यांदाच पाहत होती. लग्न आठवड्यावर आलं होतं. डुकरं निवडून झाली होती, गाणाऱ्यांचा सराव चालू होता, आणि नवरीच्या मनात मात्र काटा सलत होता.

त्यात निळ्या फुलांच्या कापडाची भर पडली. ऑकलंडहून निघताना ते तिने त्याच्या बॅगेत पाहिलं होतं. आईसाठी घेतलं असेल, असं तिला वाटलं होतं. रविवारी त्याच कापडाचा झगा घालून तोकिलुपे चर्चमध्ये आली. केलेपीची आई कालोलाइने तिच्या अंगावरून गेली, पण तिने तोकिलुपेकडे पाहिलंही नाही.

लेसिएलीने त्याला सरळच विचारलं. तो अळकुड्या सोलत होता. सुरी थांबली.

"ती गोष्ट माझी नाही, लेसी," तो म्हणाला. "माझी असती तर कधीच सांगितली असती."

मग कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. 

लेसिएलीच्या फुसी आत्याला हे कळायला वेळ लागला नाही. ती भाचीबरोबर बोटीने आली होती. भाचीच्या लग्नात तिचाच शब्द शेवटचा, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नव्हती. तिने गावात चौकशी करून ठेवली होती. केलेपी एकुलता एक. तोकिलुपेलाही भाऊ नाही. तिच्या आईने तिला एकटीने वाढवलेलं. बाप कोण, ते कोणी सांगत नाही.

"माणूस गुपचूप कापड देतो, ते काय पडदे शिवायला?" आत्या म्हणाली. मग तिने बेत सांगितला. शनिवारी नवरदेवासाठी पुरुषांची बैठक होती. त्यांना प्यायला कावाच्या मुळीचं पाणी कालवायला एखादी बिनलग्नाची मुलगी बसवतात आणि पुरुष तिची थट्टामस्करी करतात. या पोरीलाच बसवू. तो तिच्याकडे कसा बघतो, ते आपण पडवीतून पाहू. आपल्याला वाटतं तेच असेल, तर सोमवारच्या बोटीने परत.

लेसिएलीने मान डोलावली. तिने स्वतःच्या सामानाची पेटीही भरून ठेवली.

तोकिलुपे नको म्हणाली. मला जमणार नाही, माझे हात दुखतात, असं काहीबाही पुटपुटली. आत्याने तिला सोडलं नाही. बैठकीत तुझा बाप नाहीतर भाऊ असता, तर गोष्ट वेगळी होती. तुला तर दोन्ही नाहीत, मग आडकाठी कसली, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. चटया गुंडाळणारे कालोलाइनेचे हात थांबले.  तोकिलुपे उठली आणि लाकडी भांड्यासमोर जाऊन बसली.

उन्हं उतरली तशी बैठक भरली. म्हातारा हाकेआई सगळ्यांत वरच्या जागी होता. शेजारी केलेपीचे वडील. दर रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारे, आवाजाचे मोठे. आज त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हाकेआईने मुलीच्या बोटांचं कौतुक केलं. कोणीतरी म्हणालं, आजोबा, तुम्हाला दात नाहीत, तुम्ही फक्त बघा. हशा पिकला. करवंट्या फिरू लागल्या.

केलेपी डुकरं भाजायच्या खड्ड्याकडून आला. दारात पाऊल टाकलं आणि थांबला. पडवीतून लेसिएली पाहत होती.

त्याने तोकिलुपेकडे पाहिलंच नाही. तो एक पाऊल मागे सरकला आणि बाहेर, अंगणात उभा राहिला.

"ये की, नवरदेवा," हाकेआई म्हणाला. "बहीण असेल तिथे भाऊ थांबत नाही, उठून बाहेर जातो, ही आपली रीत. तुला काय झालं?"

"म्हणूनच बाहेर उभा आहे, आजोबा," केलेपी म्हणाला.

एकदोघं हसायला लागले आणि मध्येच थांबले. मग सगळ्यांच्या नजरा त्याच्या वडिलांकडे वळल्या. त्यांच्या हातातली करवंटी अजून भरलेलीच होती. त्यांनी ती खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून ते सावकाश उठले, बाहेर गेले आणि मुलाशेजारी मान खाली घालून उभे राहिले.

कालोलाइने खांबाला धरून हे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फुसी आत्या पडवीत मागे सरकली.

तोकिलुपे तशीच बसून होती. हात पाण्यात, डोळ्यांतलं पाणी गालांवर.

लेसिएलीने हाताची खळ पुसली. पुरुषांच्या मधून चालत ती भांड्यापाशी गेली. गुडघे टेकून, मान वाकवून तिच्यासमोर बसली.

"उठा, वन्सं," ती म्हणाली. "हे काम तुमचं नाही."