टकरची चाल

पाच सप्टेंबर. परदेशात लढलेल्या सैनिकांना मानवंदना देण्याचा कार्यक्रम आटोपून तिघं गुड्रुनच्या घरी परतले. गुड्रुन, डॅनिश सैन्यात असलेली तिची मुलगी सिग्ने आणि अमेरिकेतल्या टेक्सासहून आलेला माजी सैनिक वेंडेल. अफगाणिस्तानात गुड्रुनचा मुलगा येप्पे सुरुंगावर पाय पडून कोसळला, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन धावला होता तो हाच. येप्पे वाचला नाही. तेव्हापासून वेंडेल दरवर्षी या तारखेला डेन्मार्कला येतो आणि गुड्रुनला आई म्हणतो.

गुड्रुनने राईच्या पावावर खारवलेला हेरिंग मासा वाढला. एरवी पहिल्याच घासाला वेंडेल तोंड वेडंवाकडं करायचा आणि सिग्ने त्याला चिडवायची. आज त्याने निमूट खाल्लं.

"सोमवारी निघतेय मी," सिग्ने म्हणाली. "ग्रीनलंडला. आमची सगळी तुकडीच."

"सरावाला ना?" वेंडेलने विचारलं.

"कागदावर तसंच लिहिलंय. काडतुसं मात्र खरी दिलीत."

"कुणासाठी?"

"ते तूच सांग. आमचं ग्रीनलंड हवंय कुणाला? तुमच्याच अमेरिकेला ना?"

गुड्रुनने किटली टेबलावर आपटली. "सिग्ने, पाहुणा आहे तो!" मग ती वेंडेलकडे वळली, आणि आपण नक्की कुणाची बाजू घेतोय हे तिचं तिलाच कळेना. "पण काय रे, आपण एकाच बाजूचे ना? तुमच्यावर हल्ला झाला म्हणून तर माझा येप्पे गेला तिकडे."

"हो, आई."

"मग आता हे काय चाललंय?"

"मलाही कळत नाहीये." वेंडेलने बशी बाजूला सारली. "माझा मुलगा टकर आपल्या सैन्याबरोबर अलास्कात आहे. बर्फातल्या लढाईचं शिक्षण चाललंय. त्यांनाही सामान बांधून ठेवायला सांगितलंय. कुठे जायचं ते सांगत नाहीत."

गुड्रुन खाली बसली. कॉफी ओतायची राहूनच गेली.

वेंडेलने फोनमधला फोटो सिग्नेसमोर धरला. "हा टकर. नीट बघून ठेव, तिथे समोर आलाच तर."

एकवीस वर्षांचा, तपकिरी केसांचा, गालावर खळी असलेला. सिग्नेने बराच वेळ पाहिलं. "तिथे डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर फडकं. ओळखू कसा मी याला?"

वेंडेलने फोन खाली ठेवला. त्याने कपाळ चोळलं, खिडकीबाहेर पाहिलं. "चालण्यावरून," तो शेवटी म्हणाला. "लहानपणी घोड्यावरून पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं. डावा खांदा खाली टाकून चालतो."

सिग्ने उठली. डावा खांदा खाली टाकून ओट्यापासून दारापर्यंत गेली आणि वळली.

"असा?"

"एवढा नाही." वेंडेल म्हणाला. "थोडा कमी."

ती पुन्हा ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि पुन्हा चालली.