पायडलाची फटफटी

त्र्याहत्तर साली नगरच्या मोपेडच्या कारखान्यात सहादेवला दिवसभर एकच काम, गाड्यांना पायडलं बसवायचं. वर्षभर नंबर लावून स्वतःची गाडी मिळवली आणि मिरवत पाथर्डीकडच्या सासुरवाडीला नेली, तर मेव्हणा भर चावडीत खिदळला, “दाजी, पायडलाची फटफटी? ही तर सायकलच की!” ते बोलणं सहादेवला महिनाभर झोंबलं. पुढच्या खेपेला त्यानं वेशीबाहेर इंजिन चालू ठेवूनच, रागारागानं पान्यानं दोन्ही पायडलं काढली आणि बायकोच्या भाकऱ्यांच्या पिशवीत कोंबली. पाय लोंबकळत सोडून फटफटत चावडीसमोर येऊन त्यानं ऐटीत गाडी बंद केली. मेव्हणा चाटच पडला. “झ्याक हाय! करा चालू दाजी, एक चक्कर मारतो.” सहादेवचा पाय सवयीनं पायडल शोधायला गेला नि हवेतच राहिला. पायडल मारल्याशिवाय ती चालू होतेच कुठं? बायकोनं भाकऱ्यांखालून पायडलं काढून त्याच्यापुढं धरली. “बसवा आता. रोज तेच करता न्हवं?”