झाकलेलं भांडं

वर्देनं दार उघडलं आणि आधी भांड्याकडे पाहिलं, मग भांडं आणणारीकडे. धाकटी बहीण नुहाद उंबऱ्याबाहेर उभी होती. कपाळावर सकाळच्या प्रार्थनेतल्या राखेचा क्रूस, हातात फडक्यानं बांधलेलं मातीचं भांडं. आठ वर्षांत ती या दारात पहिल्यांदा आली होती.

"या, तानुसच्या आई," वर्दे म्हणाली. सख्ख्या धाकट्या बहिणीला ती आता शेजारपाजारच्या बायकांसारखी मुलाच्या नावानं हाक मारायची, वर अहो-जाहो करायची. "वाट चुकलात वाटतं."

"मुजद्दरा आणलाय. मसूर आणि गव्हाचा भरडा. उपासाचा पहिला दिवस, म्हटलं…"

"लोणी घातलंय?"

"वर्दे! उपासाच्या दिवसांत लोणी?"

"विचारलेलं बरं."

नुहाद आत येऊन शेगडीजवळ बसली. साडेअकरा झाले होते. दुपारची घंटा होईपर्यंत पोटात काही जायचं नव्हतं, म्हणजे कॉफी विचारायचीही गरज नव्हती. वर्देला हायसं वाटलं. नाहीतर आठ वर्षांनी आलेल्या माणसापुढे काय ठेवायचं, हा घोळच झाला असता. भांडं दोघींच्या मधे होतं. फडक्याची गाठ कुणीच सोडली नाही.

"बोला. काय काम काढलंत?"

"काम कसलं? काल चर्चमध्ये प्रवचनात अबूना शलीतांनी सांगितलं ते ऐकलंस ना? नुसतं मटण आणि चीज सोडून भागत नाही, त्यानं फक्त खाटकाचा धंदा बसतो. जे करणं जिवावर येतं असं एक काहीतरी निवडा आणि रोज करा, चाळीस दिवस. आमच्या शेजारच्या जमीलनं सिगारेट सोडलीय. संध्याकाळपर्यंत टिकला तरी मिळवली."

"आणि तुम्ही काय निवडलंत?"

"तुला."

 वर्देच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे मी जिवावर येते."

"येतेस की!" नुहाद गुडघा चोळत म्हणाली. "एवढा चढ, त्यात हे गुडघे. आणि वर आलं की तुझं हे तोंड."

ही मात्र जुनी नुहाद होती. पण खरं बोलणारा माणूस जास्त लबाड असतो, असं वर्देचं मत होतं. ती मनात दिवस मोजू लागली. उपासाच्या काळात लग्नं लागत नाहीत, ईस्टर झाला की रांग लागते. आणि तानुसचं तर ठरलेलं होतं. अस्सं! पाणी इथं मुरत होतं.

"तानुसचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ना?"

नुहादनं भांड्याच्या गाठीकडे पाहिलं. "हो."

"मावशी दिसली नाही तर मुलीकडचे विचारतील."

"विचारतीलच. तेही आहे मनात, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी एकदाच आले असते, बोलावणं करून गेले असते. चाळीस दिवस चढ कशाला चढले असते?"

वर्देचा विश्वास बसेना. आठ वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला बाहेरगावाहून येताना घाटात बर्फ पडलं म्हणून वर्दे उशिरा पोचली होती आणि भरल्या घरात हीच बया म्हणाली होती, "आल्या पाहुण्या." ते दोन शब्द अजून सलत होते.

"मला एक सांगा. जमील ईस्टरच्या सकाळी काय करेल?"

"सिगारेट पेटवेल. दुसरं काय?"

"आणि तुम्ही चीज खाल."

"खाईन की."

"म्हणजे चाळीस दिवस बहीण. आणि ईस्टर झाला की चीज परत, भांडणही परत."

"त्याच्या पुढचं अबूनांनी काही सांगितलं नाही बाई," नुहाद हसली.

वर्दे हसली नाही. तिला भीती होती ती नेमकी याचीच. एकटीनं राहायची तिला एव्हाना सवय झाली होती. चाळीस दिवसांत ती सवय मोडली असती आणि पुन्हा लावून घ्यायची ताकद आता तिच्यात नव्हती.

घंटा वाजली. नुहादनं गाठ सोडली. वर्देनं एकच चमचा आणून तिच्यापुढे केला.

"आधी तुम्ही घ्या."

"विष घातलंय असं वाटतंय?"

"आधी घ्या."

नुहादनं एक चमचा खाल्ला. मग दुसरा. तिसरा तर निव्वळ चिडवायला. मग चमचा बहिणीच्या हातात दिला. कांदा अगदी करपायच्या बेतात काळसर तळला होता, आई तळायची तसा. हिला हे कधी जमायला लागलं कोण जाणे. वर्देनं तळ खरवडून खाल्ला आणि छान झालाय असं काही म्हणाली नाही.

नुहाद उठली आणि वाट बघत उभी राहिली. आलेलं भांडं गावात त्याच पावली परत जातं, तेही मूठभर अक्रोड नाहीतर दोन लिंबं घालून. वर्देनं भांडं धुतलं, पुसलं. मग स्टुलावर चढून ते वरच्या फळीवर, अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे सरकवून दिलं.

"अगं, माझं भांडं?"

"उद्या दुसऱ्यात आण."

"आणि हे?"

वर्दे स्टुलावरून सावकाश उतरली.

"हे न्यायला लग्न उरकल्यावर ये, नुहाद. स्वतः ये. तानुसला पाठवू नकोस."